पदरची प्रत आणि सामाईक पाठ

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची अखेरची प्रत आम्ही वाचत होतो. प्रबंध जुन्या मराठी पाकशास्त्रविषयक पुस्तकांवरचा. त्यामुळे 'आचाऱ्यांना', 'आचाऱ्याकडून' अशी रूपे पानोपानी येणे स्वाभाविकच होते. लेखनाच्या आज्ञावलीत तिने ती अचूक टंकली होती. छपाईसाठी पीडीएफ करणाऱ्या दुसऱ्या एका आज्ञावलीतून तोच मजकूर बाहेर पडला तेव्हा मात्र सगळ्या आचाऱ्यांचे आचार्य झालेले होते. आचाऱ्यांना मजुरी किती मिळे, ह्या प्रश्नाऐवजी आचार्यांना मजुरी किती मिळे, असा प्रश्न कागदावर उमटला. एखाद्या सूक्ष्मदृष्टीच्या परीक्षकाने त्यातून निराळाच सिद्धान्त काढला असता तर त्याला दोष देता आला नसता.

कारण शोधले तेव्हा ते साधेच निघाले. 'ऱ्य' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह ठेवून. दुसरा प्रकार जुन्या मजकुरांत पुष्कळ आढळतो. अक्षरे जुळवणाऱ्या घटकाने ते जोडचिन्ह ओळखले नाही की तो सरळ रफार काढून मोकळा होतो. ही चूक त्या घटकात केव्हाच दुरुस्त झालेली होती. एवढेच नव्हे, तर दुरुस्त झालेला घटक त्याच संगणकावर हजर होता आणि लेखनाची आज्ञावली तोच वापरीत होती. पीडीएफ करणारी आज्ञावली मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. तिने त्याच घटकाची एक जुनी प्रत आपल्या पदरी बाळगली होती. तिच्या कर्त्यांना विचारणा केली तेव्हा सभ्य उत्तर आले: आम्ही ह्याच प्रतीबरोबर चाचण्या केल्या आहेत, पुढल्या आवृत्तीच्या वेळी पाहू.

ह्या एका वाक्याचा प्रतिवाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे अभियंत्यांचे भांडण आहे, साहित्याच्या अभ्यासकांना त्यात काय कळणार, असे म्हणणारे आपल्यांतही पुष्कळ भेटतील. आमचे म्हणणे उलट आहे. हा प्रश्न प्रतींचा, पाठभेदांचा आणि दुरुस्तीच्या अधिकाराचा आहे. म्हणजे आपल्याच व्यवसायाचा आहे.

आधी वस्तुस्थिती. कोणतीही आज्ञावली आपले सगळे काम स्वतः करीत नाही. चित्र उलगडणे, मजकूर आवळून लहान करणे, अक्षरे जुळवणे, शब्द अकारविल्हे लावणे ही कामे अनेकांना लागतात; म्हणून ती एकदाच लिहून ठेवलेली असतात. अशा तयार कामांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. मूळसंहितेपासून चालती आज्ञावली तयार करण्याच्या क्रियेला आपण बांधणी म्हणू. ह्या बांधणीच्या वेळी एक निवड करावी लागते. संगणकाच्या प्रणालीत जी लायब्ररी सर्वांसाठी बसवलेली आहे तिच्याशी आज्ञावली जोडावी, की तिच्याच मूळसंहितेसोबत कर्त्याने ठेवलेली प्रत आत बांधून टाकावी? पहिल्या पर्यायाला आम्ही 'सामाईक पाठ' म्हणतो, दुसऱ्याला 'पदरची प्रत'. लिबरऑफिससारख्या मोठ्या आज्ञावलीच्या बांधणीत अशा डझनावारी लायब्रऱ्यांविषयी हा प्रश्न येतो आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र उत्तर देता येते.

पदरच्या प्रतीचे समर्थन आजकाल इतक्या सहजतेने केले जाते की ते समर्थन आहे हेही कोणाला जाणवत नाही. साठवणीची जागा स्वस्त झाली आहे. वापरणाऱ्याला कटकट नको. सगळे एका गाठोड्यात बांधून दिले की कुठेही चालते. ह्याच विचाराची पुढची पायरी म्हणजे आज्ञावलीबरोबर जवळजवळ अख्खी प्रणालीच पेटीत बंद करून पाठवणे, आणि तेही आता रूढ झाले आहे. ह्या सोयीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार अशी की सोय कोणाची आणि किंमत कोणाच्या माथी, हे ह्या हिशेबात कधी लिहिले जात नाही.

ज्या घटकाने आमच्या आचाऱ्यांना गुरुपद दिले त्याच प्रकारच्या कामाचा इतिहास येथे बोलका आहे. फ्रीटाइप नावाच्या टंक-लायब्ररीच्या पहिल्या पिढीत ओपनटाइप टंकांमधील जुळवणीचे नियम वाचणारा एक भाग होता. दुसऱ्या पिढीत फ्रीटाइपने तो सोडून दिला. पण त्याची गरज तर होतीच. म्हणून पँगो आणि क्यूटी ह्या दोन प्रकल्पांनी तो उचलून आपापल्या मूळसंहितेत ठेवला. लिनक्सवरील ग्नोम आणि केडीई ही दोन प्रसिद्ध पर्यावरणे अनुक्रमे ह्या दोघांवर उभी होती. एकाच पोथीच्या दोन घराण्यांत दोन प्रती गेल्या म्हणजे जे होते तेच येथे झाले. इकडे एक दुरुस्ती, तिकडे दुसरी; दोन्ही योग्य, पण एकमेकींना ठाऊक नसलेल्या. अखेर २००६ मध्ये ह्या दोन प्रती एकत्र करून एक सामाईक लायब्ररी उभारली गेली. तिचे नाव हार्फबझ. ते 'मोकळे अक्षर' अशा अर्थाच्या फारसी शब्दांवरून घेतले आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे आपण 'हरफ न काढणे' ह्या प्रयोगात जपून ठेवलेलाच शब्द. पुढे तिचे नव्याने लेखनही झाले. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, झीटेक ह्या सगळ्यांत देवनागरी अक्षरे जुळवण्याचे काम हीच लायब्ररी करते.

म्हणजे दोन प्रतींचा मेळ घालून एक पाठ सिद्ध करण्याचे काम अभियंत्यांनीही केले. त्यांनी त्याला पाठचिकित्सा म्हटले नाही एवढेच. परंतु पुढचा भाग खेदाचा आहे. जी लायब्ररी विखुरलेल्या प्रती एकत्र आणण्यासाठी जन्मली, तिच्याच प्रती पुन्हा अनेकांच्या पदरी जाऊन बसल्या. फायरफॉक्सच्या मूळसंहितेत तिची एक प्रत आहे, क्रोमियमच्या मूळसंहितेत दुसरी, जावाच्या मुक्त आवृत्तीत तिसरी. ह्यांतील मोठे प्रकल्प आपली प्रत नियमाने ताजी करतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांचे अनुकरण करणाऱ्या लहान आज्ञावल्या प्रत घेतात तेवढ्या उत्साहाने आणि ती ताजी करायला विसरतात तेवढ्याच सहजतेने. आमच्या विद्यार्थिनीला भेटली ती अशीच एक.

अक्षरांची चूक निदान डोळ्यांना दिसते. सुरक्षिततेची चूक दिसतही नाही, आणि तिथे पदरच्या प्रतीची किंमत अधिक भारी पडते. मार्च २००२ मध्ये झेडलिब ह्या मजकूर आवळणाऱ्या लायब्ररीत एक दोष जाहीर झाला: स्मृतीतील एकच जागा दोनदा मोकळी केली जात होती आणि त्याचा गैरफायदा घेता येण्याजोगा होता. दुरुस्त आवृत्ती १.१.४ लगेच निघाली. ज्या आज्ञावल्या सामाईक झेडलिब वापरीत होत्या त्या सर्व एका दुरुस्तीने निर्धोक झाल्या. पण झेडलिब लहान, सुटसुटीत आणि मुक्त परवान्याची असल्याने ती असंख्य आज्ञावल्यांनी आत बांधून घेतलेली होती. खुद्द लिनक्सच्या गाभ्यातही तिची निराळी प्रत होती. त्या प्रत्येक प्रतीचा माग काढून प्रत्येक ठिकाणी निराळी दुरुस्ती करावी लागली. एकवीस वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, तोच प्रकार लिबवेबपी ह्या चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीच्या बाबतीत घडला. दोष एका लायब्ररीत होता; दुरुस्ती मात्र क्रोमने वेगळी काढली, फायरफॉक्सने वेगळी, आणि क्रोमियमचे अंतरंग आत घेऊन फिरणाऱ्या कितीतरी मेजावरच्या आज्ञावल्यांनी आपापल्या सवडीने. दोन दशकांत संगणक बदलले, भाषा बदलल्या, सवय बदलली नाही.

प्रत पदरी घेतली की ती बदलण्याचा मोह होतो, हा पुढचा धोका. आर-सिंक ही फायलींची नक्कल ठेवणारी प्रसिद्ध आज्ञावली. तिने आपल्या गरजेसाठी झेडलिबची प्रत थोडी बदलून घेतली. बदलामागे तांत्रिक कारण होते आणि तो उपयुक्तही ठरला. पण परिणाम असा झाला की तिचा आवळलेला मजकूर सामाईक झेडलिबला उलगडता येईना. सामाईक पाठाकडे परतायची वेळ आली तेव्हा जुनी पद्धत आणि नवी पद्धत अशा दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या आणि नवीसाठी वेगळा पर्याय निर्माण करावा लागला. एका उत्तम आज्ञावलीची ही गोष्ट आहे, हे मुद्दाम नमूद करतो. पदरच्या प्रतीत केलेला बदल परतीची वाट अशी बंद करीत नेतो.

ज्ञानेश्वरीच्या प्रतींचे काय झाले होते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पाठ शुद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या मिसळू नयेत म्हणून ताकीदही देऊन ठेवली. मिसळणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. भक्तीने, प्रेमाने, आपल्या गावच्या कीर्तनाला सोयीचे म्हणून मिसळले जाते. चांगल्या हेतूने बदललेली प्रत अधिक फसवी असते, कारण तिच्यावर संशय येत नाही.

आता विरुद्ध पक्षाचे ऐकू. त्याचे चार युक्तिवाद आम्हांला विचारार्ह वाटतात.

पहिला, चाचणीचा. आम्ही ह्याच प्रतीबरोबर आज्ञावली तपासली. दुसऱ्या आवृत्तीबरोबर ती नीट चालेल ह्याची हमी आम्ही कशी देणार? प्रश्न रास्त आहे. पण ही हमी नेमकी कशाची आहे ते पाहावे. कर्ता सांगतो की मी तपासले त्या दिवशी जे बरोबर होते ते आजही तसेच आहे, आणि ते खरेच असते. पण त्याबरोबर त्या दिवशी जे चूक होते तेही तसेच राहते. लायब्ररी पूर्वसूचनेशिवाय वागणूक बदलीत असेल तर दोष लायब्ररीच्या कर्त्यांचा आहे आणि तो त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. शेजाऱ्याच्या सवयीवर उपाय म्हणून आपल्या घराला खिडक्याच ठेवायच्या नाहीत, हा मार्ग नव्हे.

दुसरा, स्थैर्याचा, आणि हा अधिक वजनदार आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या पायाभूत सी-लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली. तीत शब्द क्रमाने लावण्याचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या रूपाप्रमाणे बदलले होते. सुधारणा योग्यच होती. पण पोस्टग्रेस ह्या विदागाराच्या आज्ञावलीने जुन्या क्रमाने रचलेल्या सूची नव्या क्रमाने वाचल्या जाऊ लागल्या, आणि अस्तित्वात असलेली नोंद सापडेनाशी होण्याची वेळ आली. कोशाची पाने जुन्या वर्णक्रमाने बांधलेली आणि वाचक नव्या वर्णक्रमाने शोधतो आहे, अशी ती स्थिती. सूची नव्याने बांधणे हाच उपाय होता. सामाईक पाठाची ही खरी किंमत आहे आणि ती आम्ही नाकारीत नाही. पण ह्यावरून काय सिद्ध होते? एवढेच की ज्याला क्रम महत्त्वाचा आहे त्याने आपण कोणत्या आवृत्तीचा क्रम वापरला ह्याची नोंद विद्याबरोबर ठेवली पाहिजे आणि पाठ बदलला की सावध झाले पाहिजे. स्थैर्य पाहिजेच असेल तर त्याचा आदर्शही उपलब्ध आहे. डोनाल्ड कनूथ ह्यांनी १९९० मध्ये टेक्स ही अक्षरजुळणीची आज्ञावली गोठवली. त्यानंतर फक्त चुकांची दुरुस्ती, आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे एक अंक पुढे सरकतो. पण लक्षात घ्या, कनूथांनी गोठवला तो सर्वांचा पाठ. कर्त्याने जाहीरपणे स्थिर केलेला पाठ आणि कोणीतरी आपल्या कपाटात विसरलेली प्रत ह्यांत फरक करता येत नसेल तर बोलणेच खुंटले.

तिसरा युक्तिवाद असा की सर्वत्र सामाईक पाठ उपलब्धच नसतो. हा आम्ही पूर्णतः मान्य करतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण देवनागरीचेच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या लिबरऑफिस ५.३ पासून त्या आज्ञावलीने सर्व प्रणालींवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ स्वीकारली. तोपर्यंत विंडोजवर विंडोजचा घटक, मॅकवर मॅकचा, लिनक्सवर तिसराच, असे चाले. एकच दस्तऐवज तिन्हीकडे निराळा दिसू शके. विंडोजवर हार्फबझ सामाईक म्हणून मिळत नाही. तेव्हा ती सोबत नेण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि मराठी लिहिणाऱ्यांचा त्यात लाभच झाला. परंतु लिबरऑफिसने हे कसे केले ते पाहण्याजोगे आहे. बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्या तिच्या मूळसंहितेत वेगळ्या कप्प्यात असतात. त्यांत काही बदल करावा लागला तर तो मूळात कालवून न टाकता निराळ्या फायलीत ठेवलेला असतो. आणि ज्या प्रणालीत सामाईक पाठ आहे तिथे तो वापरण्याची मुभा बांधणीतच दिलेली असते. डेबियन वा फेडोरा ती मुभा वापरतात. ह्याला आम्ही पदरची प्रत म्हणून हिणवणार नाही. ही तळटीपांसह सिद्ध केलेली आवृत्ती आहे. त्याचप्रमाणे एस्क्यूलाइटसारख्या लायब्ररीचे कर्ते स्वतःच सगळी संहिता एका फायलीत घालून 'आत बांधा' म्हणून देतात. तिथे कर्त्याचीच तशी इच्छा आहे, आणि डेबियनच्या धोरणातही अशा हेतुतः आत बांधायच्या संहितेला अपवाद ठेवलेला आहे.

चौथा युक्तिवाद विषप्रसाराचा. विहीर एकच असेल तर ती बिघडली की सगळे गाव आजारी पडते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड ह्या आवळणीच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदार बसवल्याचे उघड झाले. दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद उशीर का होतो, ह्याचा छडा लावणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यामुळे ते कळले. त्या दिवशी ज्यांच्या पदरी जुनी प्रत होती ते सुरक्षित होते, हे सत्य आहे. फक्त ती सुरक्षितता सावधपणाची नव्हती, आळसाची होती. दुसरे उदाहरण आमच्या पक्षाला अधिक बोचणारे. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल ह्या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतील काही ओळी एका तपासणी-साधनाच्या तक्रारी थांबवण्यासाठी निष्क्रिय केल्या गेल्या. परिणामी किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली, आणि हे मे २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. येथे दोष खुद्द सामाईक पाठात होता आणि तो सांभाळणाऱ्यांनीच निर्माण केला होता.

मग आमचा पक्ष पडतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. डेबियनच्या प्रकरणाचे मूळ पाहा: मूळ कर्त्यांच्या पाठात स्थानिक पातळीवर केलेला बदल, ज्याची पुरेशी छाननी मूळ प्रकल्पात झाली नाही. म्हणजे रोग तोच, फक्त मोठ्या घरातला. आणि विहिरीचा दृष्टान्त पुढे न्यायचा तर दोन्ही बाजूंनी न्यावा. सामाईक विहीर बिघडते तेव्हा बोभाटा होतो आणि ती एकदाच उपसली की भागते. घरोघरच्या रांजणांत काय साचले आहे हे कोणी कोणाला विचारीत नाही. सामाईक पाठ निर्दोष असतो असा आमचा दावाच नाही. त्यातला दोष सर्वांना एकदम दिसू शकतो आणि एकाच ठिकाणी काढता येतो, एवढाच आमचा दावा आहे.

इथवरचा वाद कोणत्याही भाषेच्या माणसाने घालावा असा आहे. मराठीच्या माणसाला त्यात आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच निर्णायक आहे. अक्षरजुळणीतील इंग्रजीची चूक एका दिवसात हजार जणांच्या लक्षात येते. 'दऱ्या' आणि 'दर्या' ह्यांतला भेद कळणारे, तो पडद्यावर बिघडलेला पाहून अस्वस्थ होणारे, आणि त्यावर न थांबता चूक कुठे आहे हे शोधून योग्य जागी तक्रार नोंदवणारे लोक किती? ज्या भाषेला कोट्यवधी बोलणारे आहेत तिच्याही वाट्याला अशी माणसे बोटांवर मोजण्याएवढीच येतात. त्यांनी एकदा, एका ठिकाणी झगडून एक दुरुस्ती करून घेतली की ती सर्वांना मिळावी, एवढीच आशा अशा भाषेला परवडते. त्याऐवजी पन्नास आज्ञावल्यांच्या पदरी पन्नास प्रती असतील तर तीच विनंती घेऊन पन्नास दारे ठोठवायची, आणि प्रत्येक दारी पुढल्या आवृत्तीचे आश्वासन घेऊन परतायचे. मोठ्या भाषांना पदरच्या प्रतींची चैन पुरवते. त्यांचे तक्रार करणारे प्रत्येक दारात उभे असतात. लहान बळाच्या भाषांना सामाईक पाठच तारतो.

म्हणूनच, प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर आपली प्रत सांभाळावी, ह्या मताला आम्ही स्वातंत्र्याचा विचार मानत नाही. त्यात कर्त्याचे स्वातंत्र्य आहे, वापरणाऱ्याचे नाही. सामाईक पाठ सुधारला तर आमची आज्ञावली कर्त्याच्या परवानगीवाचून सुधारते. पदरची प्रत असेल तर कर्त्याला सवड होईपर्यंत, तो प्रकल्प सोडून गेला असेल तर कायमच, आम्ही त्याच्या जुन्या चुकांचे ताबेदार राहतो.

आमची मागणी टोकाची नाही. फेडोराने अनेक वर्षे पदरच्या प्रतींना जवळजवळ बंदी घातली होती. अपवाद हवा तर समितीपुढे जावे लागे. २०१५ मध्ये तो नियम सैल झाला, पण एक अट राहिली: जी लायब्ररी आत बांधली असेल तिचे नाव संचाच्या नोंदीत लिहिले पाहिजे. बंदी गेली ह्याचे आम्हांला दुःख नाही. अट राहिली ह्याचे मोल अधिक आहे. त्या धर्तीवर चार गोष्टी आम्ही प्रत्येक आज्ञावलीच्या कर्त्याकडून मागतो. सामाईक पाठाशी जोडून बांधणी करण्याचा पर्याय असावा आणि तो खरोखर चालावा. प्रत सोबत घेतलीच तर तिचे नाव व आवृत्ती उघड लिहावी. तिच्यात बदल केला तर तो निराळा ठेवावा आणि मूळ कर्त्यांकडे पाठवावा. आणि प्रत का घेतली ह्याचे कारण लिहावे, म्हणजे कारण संपल्यावर ती काढून टाकता येईल.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. त्या आवृत्तीने प्रांतोप्रांतीचे पाठ जाळून टाकले नाहीत. वर एक पाठ सिद्ध केला आणि जे जे वेगळे आढळले ते कोणत्या प्रतीतले, ह्या नोंदीसह खाली मांडले. वाचक कोणताही पाठ स्वीकारायला मोकळा आहे; पण आपण काय वाचतो आहोत हे त्याला ठाऊक असते. ह्याहून वेगळे आम्ही काही मागत नाही. विद्यापीठांतील मराठी विभागांनीही आज्ञावली विकत घेताना किंवा शिफारस करताना एक प्रश्न विचारायला शिकावे: हिच्या पोटात अक्षरे जुळवणारी कोणती प्रत आहे, आणि ती कोणत्या साली घेतलेली? हस्तलिखिताविषयी हा प्रश्न न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नापास करतो.

असो. त्या प्रबंधाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. विद्यार्थिनीने तीनशे पानांतला प्रत्येक आचारी शोधून काढला, त्याचा अर्धा र दुसऱ्या प्रकाराने पुन्हा टंकला आणि प्रबंध वेळेत सादर केला. जुन्या प्रतीला तो दुसरा प्रकार वाचता येत होता. ती चूक त्या आज्ञावलीत अजून तशीच आहे, आणि पुढच्या विद्यार्थ्याला ती नव्याने शोधावी लागणार आहे.